काचेआडचा अनंत

कोकणातल्या आजोळी विहिरीच्या उजव्या अंगाला अनंताचे झाड होते. त्याची कुणी विशेष निगा राखल्याचे आठवत नाही. भांडी विसळलेले पाणी त्याच्या आळ्यात जाई, पावसाळ्यात पालापाचोळा तिथेच कुजे आणि मृगाच्या आगेमागे झाड पांढऱ्या फुलांनी भरून जाई. संध्याकाळी पहिली कळी उमलली की ओटीवर बसलेल्या माणसाला ती न पाहताच कळत असे. दुसऱ्या दिवशी फूल साईच्या रंगाचे होई, तिसऱ्या दिवशी पिवळट. आजी ताजी फुले देवाला वाही, एखादे स्वतःच्या अंबाड्यात खोवी, आणि पिवळी पडलेली आम्हा मुलांना खेळायला मिळत.

पुढे शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, त्याच जातीचे एक रोप कुंडीत लावून खिडकीशी ठेवले. पाने चकचकीत, कळ्याही भरपूर. परंतु कळी फुगून, तिच्यावरचा हिरवा पीळ सुटू लागला की नेमकी त्याच वेळी ती देठापासून गळून पडे. सलग दोन वर्षे हेच झाले. काय चुकते आहे, हे शोधण्यासाठी बागकामाची पुस्तके चाळली आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात असे करता करता अठराव्या शतकातल्या लंडनजवळच्या एका काचघरापाशी येऊन थांबलो. अनंत घरात वाढवायचा कसा, हा प्रश्न पडलेला मी पहिला माणूस नव्हतो. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी काही माणसांनी त्यासाठी बुद्धी, पैसा आणि बराचसा अहंकारही पणाला लावला होता. या लेखात त्यांचीच हकीकत सांगायची आहे. कळ्या का गळतात याचे उत्तर तिच्या ओघात येईल.

अनंताला इंग्रजीत गार्डेनिया म्हणतात. हे नाव ऐकून बहुतेकांना वाटते की ते बागेसाठीच्या 'गार्डन' या इंग्रजी शब्दावरून आले असावे. प्रत्यक्षात ते एका माणसाचे आडनाव आहे. आणि तो माणूस ना हे झाड शोधणारा होता, ना ते वाढवणारा.

* * *

लंडनच्या ईशान्येला एसेक्स परगण्यात तेव्हा वुडफर्ड नावाचे गाव होते. अठराव्या शतकाच्या मध्यावर तिथे रिचर्ड वॉर्नर नावाचे एक सुखवस्तू गृहस्थ राहत. वकिलीचे शिक्षण झालेले, पण पोटासाठी वकिली करण्याची गरज नसलेले. त्यांना दोन नाद होते, वनस्पती आणि जुने वाङ्मय. शेक्सपिअरच्या नाटकांची नवी आवृत्ती काढण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे टिपणे जमवली होती. पण दुसऱ्या एका संपादकाची आवृत्ती येणार असे कळताच त्यांनी तो संकल्प सोडून दिला आणि केवळ शब्दकोशापुरते काम चालू ठेवले. प्लॉटस या रोमन नाटककाराचे भाषांतर एका मित्राच्या मृत्यूने अर्धवट राहिले होते, ते त्यांनी पुरे केले. वुडफर्डच्या परिसरात आढळणाऱ्या वनस्पतींची यादी १७७१ साली छापली. १७७५ साली वारले तेव्हा आपला ग्रंथसंग्रह ऑक्सफर्डच्या वॉडम कॉलेजला देऊन गेले. स्वतःचे नाव पुढे रेटण्यापेक्षा हातातले काम नीट व्हावे याची अधिक काळजी असणाऱ्या माणसांपैकी ते एक होते, असे या तपशिलांवरून वाटते. पुढे घडलेल्या प्रसंगाशीही हे चित्र जुळते.

वॉर्नर यांच्या बागेत काचघर होते, आणि परदेशातून येणारी रोपे त्यात वाढत. लिनियसचा शिष्य पेअर काल्म १७४८ साली अमेरिकेला जाताना वाटेत ही बाग पाहून गेला होता. १७५०च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीच्या गॉडॉल्फिन या जहाजाचे कप्तान हचिन्सन यांनी वॉर्नर यांना एक झुडूप आणून दिले. परतीच्या प्रवासात केप ऑफ गुड होपला जहाज थांबलेले असताना किनाऱ्यावर फिरणाऱ्या या कप्तानाला वासाने खेचून घेतले, त्या वासामागे जाता हे पांढऱ्या, भरगच्च पाकळ्यांचे झुडूप सापडले, आणि ते मुळासकट उपटून पिंपात लावून त्याने इंग्लंडपर्यंत आणले, अशी ती कथा आहे. महिनोन्‌महिन्यांच्या त्या प्रवासात खाऱ्या वाऱ्यापासून, उंदरांपासून आणि पिण्याच्या पाण्याच्या टंचाईपासून एखादे रोप वाचवणे किती अवघड होते, याची कल्पना आज येणे कठीण. जहाजावर पाणी मोजून मिळे. रोपाला घातलेला प्रत्येक पेला कुणाच्या तरी तोंडचा असे.

वुडफर्डच्या काचघरात झाड जगले आणि फुललेही. वास जाईजुईच्या वळणाचा, फूल पांढरे, आणि आलेले केपहून. तेव्हा लोक त्याला 'केपची जाई' म्हणू लागले. चेल्सीच्या औषधी बागेचे प्रसिद्ध अधिकारी फिलिप मिलर यांनीही त्याला जाईच्याच कुळात बसवले.

या नावातले दोन्ही शब्द चुकीचे होते. झाड जाई नव्हते आणि केपचेही नव्हते.

* * *

ते जाई नाही, हे ओळखणारा माणूस जॉन एलिस. हा लंडनचा व्यापारी. समुद्रातली पोवळी ही वनस्पती नसून प्राण्यांची वसाहत आहे, हे दाखवून देणाऱ्यांत त्याचे नाव घेतले जाते. लिनियसशी त्याचा नियमित पत्रव्यवहार होता. एलिसची अडचण समजून घ्यायची तर लिनियसच्या पद्धतीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. लिनियसने वनस्पतींचे वर्ग पाडले ते मुख्यतः फुलातल्या पुंकेसरांच्या संख्येवर. जाईच्या फुलात पुंकेसर दोन असतात, म्हणून ती दोन पुंकेसरांच्या वर्गात. प्रश्न सोपा वाटतो, फूल उघडून मोजले की झाले. पण वॉर्नर यांच्याकडचे फूल 'डबल' होते. बागायतदार ज्याला डबल म्हणतात त्या फुलात बहुधा पुंकेसरांचेच रूपांतर पाकळ्यांत झालेले असते. जे मोजायचे तेच नाहीसे होऊन त्याच्या जागी सौंदर्य आलेले असते. बागेला ते हवेहवेसे वाटते, शास्त्राची मात्र पंचाईत होते.

तरीही खुणा होत्या. जाईचे फळ फुलाच्या आत, पाकळ्यांच्या वर धरते. या झाडात बीजकोश फुलाच्या खाली, देठाच्या टोकाशी असतो, आणि कळीच्या खालचा हिरवा, कंगोरे असलेला भाग म्हणजे भावी फळच होय. ज्यांनी अनंताची कळी निरखून पाहिली असेल त्यांना हे लगेच पटेल. अशा खुणांवरून एलिसने हे झाड जाईपासून वेगळे काढले आणि १७६० सालच्या नोव्हेंबरात रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्याला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला. पाच पुंकेसरांच्या वर्गात त्याची रवानगी झाली. आजचे शास्त्र त्याला कॉफी, सिंकोना आणि आपली मंजिष्ठा यांच्या कुळात ठेवते. 'जाईसारखी' या अर्थाचा एक शब्द मात्र त्याच्या शास्त्रीय नावाच्या शेपटीला अजून चिकटून आहे. खोडलेली चूक अशा रीतीने नावात शिल्लक राहिली.

नवी प्रजाती म्हणजे नवे नाव, आणि नाव म्हणजे मान. हा मान वॉर्नर यांना मिळावा हे उघड होते. झाड त्यांच्याकडे आले, त्यांनी ते जगवले, फुलवले आणि अभ्यासासाठी मोकळेपणाने उपलब्ध करून दिले. त्यांच्या नावावरून 'वॉर्नेरिया' असे नाव सुचवलेही गेले. परंतु वॉर्नर यांनी ते नाकारले. मग एलिसने आपल्या दुसऱ्या एका मित्राचे नाव पुढे केले, अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनात राहणाऱ्या डॉक्टर अलेक्झांडर गार्डन याचे.

गार्डन हा १७३० साली जन्मलेला स्कॉटिश वैद्य. विशीच्या सुरुवातीला तो चार्ल्सटनला गेला, तिथे वैद्यकीत जम बसवला, आणि उरलेल्या वेळात कॅरोलिनातल्या वनस्पती, मासे, सरपटणारे प्राणी गोळा करून लंडनला आणि स्वीडनला पाठवीत राहिला. युरोपपासून इतक्या दूर, आपल्या विषयावर बोलायला चार माणसेही नसलेल्या ठिकाणी बसून तो ज्या उत्कटतेने एलिसच्या पत्रांची वाट पाही, ते वाचताना त्याच्याबद्दल आपुलकी वाटते. आपल्या नावाची एखादी वनस्पती असावी ही त्याची इच्छाही लपलेली नव्हती. पण प्रस्तुत झाडाच्या शोधाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, आणि लिनियसला नेमके हेच खटकले. ज्याने अजून शास्त्रात फारसे काही प्रसिद्ध केलेले नाही अशा मित्राचे नाव दिले तर लोक पक्षपाताचा आरोप करतील, अशी त्याची चिंता होती. एलिसने आग्रह सोडला नाही. शेवटी १७६२ साली लिनियसच्या ग्रंथातही 'गार्डेनिया' हे नाव आले.

या नावाला त्याआधीचाही एक इतिहास आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. न्यूयॉर्क वसाहतीत जेन कोल्डन नावाची एक तरुणी राहत असे. वडील कॅडवॉलडर कोल्डन हे सरकारी अधिकारी आणि वनस्पतींचे अभ्यासक. त्यांनी लॅटिन न येणाऱ्या मुलीला लिनियसची पद्धत इंग्रजीतून समजावून दिली, आणि तिने घराभोवतालच्या शेकडो वनस्पतींची वर्णने व रेखाटने तयार केली. गार्डन १७५४ साली त्यांच्याकडे गेला होता. जेनने एका पाणथळ जागेतल्या फुलझाडाला 'गार्डेनिया' असे नाव सुचवले. म्हणजे गार्डनच्या नावाची वनस्पती असावी ही कल्पना प्रथम एका स्त्रीच्या वहीत उमटली. परंतु ते झाड आधीच माहीत असलेल्या एका प्रजातीतले ठरले आणि तिने दिलेले नाव टिकले नाही. तिची हस्तलिखित वही पुढे लंडनच्या संग्रहालयात जाऊन पडली. एकाने मान नाकारला, एकीने दिलेला मान शास्त्राने नाकारला, आणि त्या दोन नकारांच्या मधल्या जागेत आपल्या अनंताचे इंग्रजी नाव ठरले.

गार्डनची पुढची कहाणी दुःखाची आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात तो इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिला, तर त्याचा मुलगा, त्याचेही नाव अलेक्झांडरच, बंडखोरांच्या सैन्यात गेला. युद्ध हरल्यावर गार्डनची मालमत्ता जप्त झाली आणि तीस वर्षांचा संसार, संग्रह व बाग मागे टाकून त्याला इंग्लंड गाठावे लागले. १७९१ साली तो लंडनमध्ये वारला. मुलाला त्याने कधीही क्षमा केली नाही. त्या मुलाने आपल्या मुलीचे नाव गार्डेनिया ठेवले होते, आणि तरीही आजोबांनी त्या नातीचे तोंड पाहिले नाही, असे सांगितले जाते. ज्या नावासाठी त्याने वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, तेच नाव लावून त्याचे रक्त त्याच्या दाराशी आले होते आणि त्याने दार उघडले नाही.

* * *

आता दुसऱ्या चुकीकडे वळू. हे झाड केपचे नव्हते, तर चीनचे होते. केपला डच कंपनीने १६५२पासून जहाजांना ताजा भाजीपाला पुरवण्यासाठी मळा राखला होता. पूर्वेकडून येणारी जहाजे तिथे थांबत, आणि माणसांबरोबर झाडेही तिथे उतरत. कप्तान हचिन्सनला ज्या झुडपाचा वास आला ते अशाच कुणीतरी आणून लावलेले असणार. भरगच्च पाकळ्यांचे डबल फूल रानात आपोआप टिकत नाही, हे एकच कारण त्यासाठी पुरेसे आहे.

चीनमध्ये हे झाड 'झीझी' या नावाने फार प्राचीन काळापासून लावले जाते. गंमत अशी की तिथे त्याची किंमत प्रथम सुवासामुळे झालेली दिसत नाही. किंमत होती फळाला. एकेरी पाकळ्यांच्या अनंताला नारिंगी रंगाचे कंगोरेदार फळ धरते, आणि त्यातून उत्तम पिवळा रंग निघतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सिमा छ्येन या इतिहासकाराने आपल्या ग्रंथात व्यापाऱ्यांवर एक प्रकरण लिहिले आहे. कोणत्या संपत्तीचा धनी सरदाराच्या तोडीचा मानावा, याची यादी त्यात येते, आणि तिच्यात हजार मू जमिनीवर झीझी व मंजिष्ठा लावणाऱ्याचा उल्लेख आहे. पिवळा आणि तांबडा असे हे दोन रंग. दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत हे त्या इतिहासकाराला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बाजाराने त्यांना एका ओळीत आणले, आणि दोन हजार वर्षांनी वनस्पतिशास्त्रानेही तेच केले.

या पिवळ्या रंगाविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तो ज्या द्रव्यामुळे येतो ते क्रोसिन केशरातही असते. म्हणजे देवघरात चंदनासोबत उगाळले जाणारे केशर आणि विहिरीकाठच्या अनंताचे फळ यांचा रंग मुळात एकच. जपानमध्ये सणाच्या गोड पदार्थांना आणि मुळ्याच्या लोणच्याला अजूनही या फळाने पिवळेपणा आणतात. तिथे झाडाचे नाव 'कुचिनाशी' असे आहे, आणि त्याचा अर्थ 'तोंड नसलेले' असा सांगतात, कारण फळ पिकले तरी उकलत नाही.

युरोपीय ग्रंथांतही हे झाड वॉर्नरच्या आधी येऊन गेले होते. मोलुक्का बेटांतल्या अंबोन येथे डच कंपनीच्या चाकरीत आयुष्य घालवलेल्या रम्फियसने सतराव्या शतकात तिथल्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्याचे डोळे गेले, पत्नी व मुलगी भूकंपात गेल्या, चित्रे आगीत जळाली. ग्रंथ छापला गेला तो त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १७४१ ते १७५० या काळात. त्यात हे झाड 'कचापिरिंग' या मलय नावाने आले आहे. मलय भाषेत कच म्हणजे काच आणि पिरिंग म्हणजे बशी. हा 'कच' संस्कृत 'काच' शब्दावरूनच तिकडे गेला. इंग्लंडमध्ये काचेच्या घरात बंद होण्याच्या कितीतरी आधी या झाडाच्या एका नावात काच येऊन बसली होती. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही. पण भाषेवर प्रेम करणाऱ्या वाचकांना तो सांगितल्यावाचून राहवले नाही.

* * *

काचेचा विषय निघालाच आहे, तर मूळ प्रश्नाकडे येऊ. वॉर्नर यांच्याकडे झाड फुलले तरी एका झाडाची अनेक झाडे होत नव्हती. डबल फुलाला सहसा बी धरत नाही, त्यामुळे कलम हाच मार्ग. तो माइल एंडच्या जेम्स गॉर्डन या रोपवाटिकाकाराने शोधला. अवघड रोपे रुजवण्यात त्याचा हातखंडा होता. त्याने फांद्यांचे तुकडे रुजवले, आणि थोड्याच वर्षांत या नव्या झाडाच्या विक्रीतून चांगली कमाई केली. निबंध एलिसच्या नावे राहिला, झाडाला नाव गार्डनचे मिळाले, पण झाड लोकांच्या घरी पोहोचवले ते गॉर्डनच्या मातीने भरलेल्या हातांनी.

मात्र ही 'घरे' कुणाची होती? त्या काळी उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी श्रीमंतांच्या बागेत 'स्टोव्ह' म्हणजे तापवलेले काचघर असे. त्यातल्या खड्ड्यात चांभारांनी कातडी कमावून टाकून दिलेली ओकची साल भरत. ती कुजताना महिनोन्‌महिने मंद, दमट ऊब देई. कुंड्या त्यातच पुरून ठेवत. अनंताला हे वातावरण मानवले, कारण मुळांशी ऊब, हवेत ओलावा आणि आम्ल, कुजकी माती या तिन्ही गोष्टी त्याला एकत्र मिळत. पण इंग्लंडात १६९६पासून खिडक्यांवर कर होता आणि १७४६पासून काचेवर जकात. प्रकाशासाठी पैसे मोजावे लागत. काचेवरची जकात १८४५ साली आणि खिडक्यांवरचा कर १८५१ साली उठला, त्यानंतरच मध्यमवर्गीय घराला काचेची सज्जा परवडू लागली.

तोपर्यंत एका लंडनच्या डॉक्टरने आणखी एक शोध लावून ठेवला होता. नथॅनिएल वॉर्ड याने १८२९च्या सुमारास एका पतंगाचा कोष बंद बाटलीत ओल्या मातीत ठेवला होता. पतंगापेक्षा त्याचे लक्ष वेधून घेतले ते त्या मातीतून उगवलेल्या नेच्याने आणि गवताने. बाहेर कोळशाच्या धुरात जे नेचे मरत, ते बाटलीत पाण्याच्या एकाही थेंबावाचून वाढत होते. आतली वाफ काचेवर जमून परत मातीत पडत होती. यातून निघालेल्या हवाबंद काचपेटीने दोन गोष्टी साधल्या. दिवाणखान्यात झाडे आली, आणि जहाजावर रोपांना पाणी घालण्याची गरज उरली नाही. रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची रोपे अशाच पेट्यांतून हिमालयाच्या उतारांवर आणली, आणि त्याआधीच्या आपल्या चीनच्या सफरीतून मोठ्या फुलांचा एक अनंतही त्याने इंग्लंडला पोहोचवला होता. हचिन्सनच्या पिंपापासून फॉर्च्यूनच्या पेटीपर्यंत नव्वद वर्षे गेली. साम्राज्याच्या हिशोबात अनंत हा शौक होता आणि चहा हा धंदा. दोघांचे वाहन मात्र एकच होते.

काच स्वस्त झाली, तरी दिवाणखान्यात अनंत फुलेना. याचे कारण त्या घरांच्या भिंतींतून येणाऱ्या नळ्यांत होते. एकोणिसाव्या शतकात शहरी घरे कोळशाच्या वायूच्या दिव्यांनी उजळू लागली, आणि त्या वायूत इथिलीन असे. इथिलीनच्या अत्यल्प अंशानेही झाडांवर परिणाम होतो हे १९०१ साली रशियातल्या नेल्युबोव्हने वाटाण्याच्या अंकुरांवर दाखवले, आणि काही वर्षांतच शिकागोत क्रॉकर व नाइट यांनी कार्नेशनच्या फुलांबाबत तेच सिद्ध केले. इथिलीन हा झाडांचा स्वतःचाच एक संदेश आहे. फळाला पिकवणारा, पानाला आणि कळीला देठापासून सोडवणारा. दिव्याच्या नळीतून तो बाहेरून आला की झाड आपलाच निरोप समजून कळी टाकून देते. म्हणून त्या काळच्या साहेबाच्या कोटावर अनंताचे फूल दिसे, पण ते वाढलेले असे दूरच्या काचघरात, आणि घरात मात्र काहीही सोसणारी, फुलाची फारशी अपेक्षा नसलेली पानांची झाडे टिकत.

* * *

माझ्या खिडकीतल्या कळ्यांचा निवाडा या इतिहासातच मिळाला. अनंताला कळी धरायला रात्रीचा गारवा लागतो, साधारण पंधरा ते अठरा अंशांचा. धरलेली कळी टिकायला सगळे काही स्थिर लागते. जागा बदलली, पंख्याचा किंवा वातानुकूलनाचा कोरडा झोत लागला, एक दिवस माती सुकली आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब भिजली, की कळी सुटते. माझी कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत होती आणि तिच्याशेजारच्या टोपलीत केळी पिकत असत. केळ्यातून निघणारे द्रव्य तेच, इथिलीन. शिवाय पाणी बोअरचे, जड. अशा पाण्याने माती हळूहळू अल्कधर्मी होते, झाडाला लोह घेता येत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. आजोळची जांभ्याची तांबडी माती आम्ल होती, कुजलेला पाला तिला तसेच ठेवी, विहिरीकाठी हवा दमट होती. आजीने काहीच केले नाही असे मला वाटे. ज्यासाठी वुडफर्डला काच, ओकची साल आणि कोळसा लागला, ते तिच्या परसात आयतेच होते.

कुंडी पूर्वेच्या गॅलरीत नेली. मातीत पानांचे खत आणि नारळाच्या काथ्याचा चुरा मिसळला, पाणी साठवलेल्या पावसाचे किंवा गाळलेले दिले, आणि कळ्या आल्यावर कुंडीला हात लावायचा नाही असा घरात नियम केला. या वर्षी सात फुले आली. विहिरीकाठच्या झाडाच्या मानाने सात म्हणजे काहीच नाहीत. पण पहिल्या फुलाच्या रात्री दार उघडताच ते न पाहता कळले.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख करतो. सह्याद्रीच्या आणि दख्खनच्या रानात गार्डेनिया प्रजातीतल्या आपल्या स्वतःच्या जाती आहेत. त्यांच्या कोवळ्या डिऱ्यांवर येणारा राळेसारखा डिंक म्हणजे डिकेमाली. लहान मुलांच्या पोटदुखीवर आणि जंतांवर जुन्या घरांत उगाळली जाणारी, उग्र वासाची. त्या झाडांचे शास्त्रीय नाव उच्चारताना आपण नकळत कॅरोलिनातल्या त्या वैद्याचे नाव घेतो, आणि आजीने उगाळलेल्या डिकेमालीची कडू चव आठवताना त्याची आठवणही होत नाही. नावांचा इतिहास ज्यांनी लिहिला त्यांच्या हाती निबंध आणि सोसायट्या होत्या. डबल फुलाची फांदी प्रथम वेगळी काढून जपणारा चिनी माळी, केपच्या मळ्यात ती लावणारा कुणी गुलाम किंवा खलाशी, गॉर्डनच्या वाटिकेतले मजूर, कोकणात परसापरसांत कलमे देणाऱ्या बायका, यांची नावे कुठेच नाहीत. आणि तरीही डबल अनंत बियांवाचून इतकी शतके टिकला आहे तो केवळ या माणसांमुळे. प्रत्येक झाड हे कुणीतरी कुणाला दिलेल्या फांदीचे झालेले आहे.

आजोळचे घर विकले गेले, तेव्हा विहीर बुजवली आणि झाडही गेले. पण त्याआधी मावशीने एक गुटी बांधून नेली होती. माझ्या कुंडीतले रोप तिच्याकडच्या त्या झाडाच्या फांदीचे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी फांदी मागितली. बोटभर लांबीची, अर्धवट निबर झालेली छाटणी, खालची पाने काढून, ओल्या वाळूत, वर काचेचा पेला पालथा घालून दिली. पेल्याच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब जमले होते. दीड महिन्यात तिला मुळे फुटली.